पोचमपल्ली इकतचं एकच जॅकेट, ऑफिसला आठवडाभर: कटिंगपासून जोडीपर्यंत सल्ला हवा

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. कापडाला अजून कात्री लागलेली नाही, म्हणून आत्ताच विचारते. पोचमपल्लीचं सुती इकत आहे, अडीच मीटर, पन्हा ४४ इंच. गडद नेव्ही ब्लूवर मोतिया रंगाच्या शंकरपाळ्या, एकेक शंकरपाळी साधारण ४ इंच उंच, आणि दोन ओळींच्या मधून बारीक मरून रेघ. कुर्ता शिवला तर तो एकाच प्रकारे घालता येईल, म्हणून लांब जॅकेट शिवायचा विचार आहे. तेच वेगवेगळ्या कपड्यांवर आठवडाभर फिरवता यावं.

ऑफिसला युनिफॉर्म नाही, पण कपडे साधे आणि नीटनेटके हवेत. समोर दिवसभर लोक बसलेले असतात. एसी फक्त आतल्या केबिनला. जाणं-येणं स्कूटीवर, जुळे सोलापूर ते नवी पेठ. छाती ३८, उंची ५ फूट २ इंच.

कपाटात सध्या आहे ते असं: पांढरा शर्ट, राखाडी आणि मोतिया असे दोन प्लेन कुर्ते (लांबी ४२), काळी पँट, बेज पँट, बारीक काठाची प्लेन मरून सुती साडी आणि एक इरकल.

बाह्या ठेवू की बिनबाह्यांचं शिवू? लांबी किती? अस्तर लावू का? आणि शंकरपाळ्या एवढ्या ठळक असताना हे ऑफिसात भडक वाटणार नाही ना?

—

ताणाबाणा

ताई, कात्री लागलेली नाही हे फार बरं झालं. पहिलं काम पाण्याचं.

हातमागाच्या सुती कापडाच्या ताण्याला (उभ्या धाग्यांना) खळ असते. दुकानात कापड जे भरीव, कडक लागतं ते बरंचसं त्या खळीमुळे. धुतलं की खळ निघते, कापड मऊ पडतं आणि लांबीत साधारण ३ ते ५ टक्के आटतं. अडीच मीटर म्हणजे ९८ इंच. त्यातले ४ इंच गेले असंच समजून कटिंगचा हिशोब करा. न धुता शिवलं तर हेच आटणं तयार जॅकेटमध्ये होतं. ३२ इंचांचं जॅकेट सव्वा इंच वर चढतं, आणि आतलं फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटवायचं कडक कापड) त्या प्रमाणात आटत नसल्यामुळे बटणपट्टीला लाटा येतात. त्या लाटा इस्त्रीने जात नाहीत.

भिजवायच्या आधी दोन्ही कापलेल्या टोकांना इंटरलॉक मारून घ्या, नाहीतर धागे सुटून दोन्हीकडचं इंच-इंच कापड वाया जाईल. बादलीभर साध्या गार पाण्यात रात्रभर ठेवा, साबण नको. सकाळी पिळायचं नाही, नुसतं दाबून पाणी काढायचं. सावलीत वाळवा आणि किंचित ओलं असतानाच उलट्या बाजूने इस्त्री करा.

रंगाची परीक्षा भिजवण्याआधीच करा. पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ओला करून मरून रेघेवर दहा-पंधरा वेळा दाबून घासा. तुकडा गुलाबी झाला तर मरून सुटतोय, आणि तो मोतिया शंकरपाळीवर बसेल. मीठ टाकल्याने रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण मिठाचा उपयोग रंगवताना, रंग धाग्यात शिरावा म्हणून होतो. आधीच रंगवलेल्या कापडातला सुटा रंग मीठ धरून ठेवत नाही. तो गार पाण्याने काढूनच टाकावा लागतो.

आता नक्षीबद्दल, कारण पुढे टेलरमास्तरांना हेच लागणार आहे. इकतमध्ये कापड विणल्यावर रंगवत नाहीत. आधी धागा बांधून रंगवतात आणि मग विणतात. म्हणून नक्षीच्या कडा किंचित पसरलेल्या, धूसर दिसतात. ताण्याचं इकत असेल तर त्या कडा वर-खाली ओघळतात, बाण्याचं (आडव्या धाग्यांचं) असेल तर डावी-उजवीकडे. कापड खिडकीपाशी धरा, लगेच कळेल. बाण्याचं असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: फणीचा ठोका कुठे घट्ट, कुठे सैल पडतो, त्यामुळे एका टोकाची शंकरपाळी ४ इंचांची असली तर दुसऱ्या टोकाला ती पावणेचार भरू शकते. म्हणून जॅकेटचे दोन्ही पुढचे भाग कापडाच्या एकाच उंचीवरून, शेजारी-शेजारी काढायचे. एक या टोकाचा आणि एक त्या टोकाचा असं केलं तर पोटापाशी ओळी हमखास चुकतात.

आणि हो, खरं इकत की छापील, हेही एकदा बघून घ्या. विणलेलं इकत दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखंच दिसतं. उलटी बाजू फिकी पांढुरकी असेल तर ते छापील. छापील वाईट असतं असं नाही, शिवायला उलट सोपंच पडतं, पण मग वरचा ठोक्याचा मुद्दा तुम्हाला लागू नाही.

विनोबांची भूदान चळवळ १९५१ मध्ये ज्या गावातून सुरू झाली ते हेच पोचमपल्ली. आजही त्याला भूदान पोचमपल्ली म्हणतात. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांची मूळ गावं तेलंगणातली, तेव्हा कापड ओळखणारी नजर सोलापुरात शोधावी लागत नाही. धुण्याआधी एखाद्या जाणत्याला दाखवून घ्या.

—

काज_बटण

ताणाबाणा दादांनी धुण्याचं सांगितलं, आता कटिंगचं बघू. नक्षीचं कापड ऑफिसात भडक दिसतं ते बहुतेक वेळा रंगामुळे नसतं. नक्षी नको तिथे तुटलेली असते, म्हणून नजर तिथे अडकते. शंकरपाळी अंगभर सलग वाहिली की ४ इंचांची असूनही शांत दिसते.

लांबी: खांद्यापासून ३२ इंच. तुमच्या उंचीला ते मांडीच्या मध्याच्या आसपास येईल. ४२ च्या कुर्त्यावर घातलं की खाली १० इंच कुर्ता दिसतो, तो मुद्दाम ठेवलेला वाटतो. शर्टावर घातलं तर शर्ट पूर्ण झाकला जातो. ३८-४० लांबीचं शिवाल तर कुर्ता खालून जेमतेम दोन ते चार इंच डोकावेल आणि माप चुकल्यासारखं दिसेल. शिवाय पँट-शर्टावर ते जड पडेल.

कापडाचा हिशोब: छाती ३८, आत शर्ट किंवा कुर्ता असणार म्हणून ढिलाई ६ इंच, एकूण ४४. मागचा भाग २२ अधिक दोन्ही बाजूंचं मार्जिन दीड, म्हणजे साडेतेवीस. पुढचा एकेक भाग ११, त्यात पाऊण इंच मार्जिन आणि बटणपट्टीला पावणेदोन, म्हणजे साडेतेरा. पाठ आणि दोन्ही पुढे मिळून साडेपन्नास इंच होतात, पन्हा धुतल्यावर ४३ च्या आसपास राहील. एका थरात, म्हणजे पन्ह्याभर एका आडव्या पट्ट्यात, तिन्ही भाग बसत नाहीत. म्हणून पहिल्या थरात पाठ, दुसऱ्या थरात दोन्ही पुढचे भाग. प्रत्येक थर ३२ अधिक खांदा आणि हेमचे (खालच्या दुमडीचे) ३, असे ३५. दोन थरांचे ७०. धुतल्यावर ९४ उरतील असं धरलं तर २४ इंच शिल्लक, त्यातले ४ इंच नक्षी जुळवताना वर-खाली सरकवायला ठेवायचे. उरलेल्या २० इंचांत पाऊणबाह्या बसतात, १८ इंच लांबीच्या दोन शेजारी-शेजारी. पाठीच्या बाजूला उरलेल्या पट्ट्यातून खिसे आणि कॉलर निघते.

म्हणजे बाह्या निघतात, पण माझं मत बिनबाह्यांचंच. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असताना कुर्त्याच्या बाहीवर आणखी एक सुती बाही नको. दुसरं कारण असं की बाहीवर नक्षी जुळवायची म्हटली तर फक्त छातीच्या रेषेवरच जुळते. वर मुंढ्याच्या गोलाईत, जिथे बाही अंगाला जोडतात, ती तुटतेच. बिनबाह्यांच्या जॅकेटला तो प्रश्नच येत नाही, आणि आतल्या प्लेन बाह्या नक्षीला दोन्हीकडून चौकट देतात.

कटिंग एकेरी थरात करायचं. कापड दुमडून दोन भाग एकदम कापले तर खालच्या थरातली शंकरपाळी वरच्याच्या बरोबर खाली आहे की नाही ते दिसतच नाही. हातमागाच्या कापडात ती सहसा नसते. आधी एक पुढचा भाग कापा, तो सुलटा उचलून उरलेल्या कापडावर ठेवा, एकेक शंकरपाळी डोळ्याने जुळवा, टाचण्या लावा, मग दुसरा कापा. पट्टीने मोजून जुळवायला जाऊ नका. मापात बरोबर येईल आणि डोळ्याला चुकीचं दिसेल.

पुढच्या मध्यावर सगळ्यात जास्त चुका होतात. बटण लावल्यावर दोन्ही भागांच्या *मध्यरेषा* एकमेकींवर येतात, कडा येत नाहीत. म्हणून शंकरपाळीचा मध्य मध्यरेषेवर धरायचा, दोन्ही भागांत. बरेच जण कडेवरून जुळवतात. मग बटण लावलं की दुमडीखाली इंचभर नक्षी जाते आणि मधली शंकरपाळी चेपल्यासारखी अरुंद दिसते. समोर बसलेल्या माणसाची नजर दिवसभर तिथेच जाते.

प्रिन्सेस कट घेऊ नका, छातीला टक्स नकोत. दोन्हींनी शंकरपाळी कापली जाते. आकार बगलेच्या शिलाईतून थोडा, आणि पाठीला अर्ध्या-अर्ध्या इंचाचे दोन लांब टक्स, एवढं पुरे. छातीच्या सगळ्यात भरीव रेषेवर शंकरपाळीचा रुंद भाग येऊ देऊ नका. तिथे दोन ओळींचा सांधा, म्हणजे तुमची मरून रेघ, येईल असं ठेवा. बगलेच्या शिलाईवर ओळी उंचीला जुळल्या की झालं, अर्धी शंकरपाळी पूर्ण झालीच पाहिजे असा हट्ट नको. हात खाली असताना ते दिसत नाही.

मुंढा तुमच्या नेहमीच्या कुर्त्यापेक्षा पाऊण ते एक इंच खोल. शर्टाची शिलाई आत मावली पाहिजे. खांदा मात्र आतल्या कपड्याच्या खांद्यापेक्षा अर्धा इंच आत. बाहेर गेला की पंखासारखा उभा राहतो. मुंढ्याला आणि गळ्याला प्लेन नेव्ही कॅम्ब्रिकची उरेब (तिरक्यात कापलेली) पट्टी, सव्वा इंच रुंद कापलेली, आतून वळवायची. पट्टी बाहेरून पाइपिंगसारखी दाखवायची हौस असेल तर नेव्हीच घ्या. मरून पाइपिंगने जॅकेट सणावाराचं दिसायला लागतं.

गळा बंद कॉलरचा करायचा असेल तर उंची एक इंचाच्या वर नको, हेल्मेटचा पट्टा घासून तिथलं कापड लवकर झिजतं. साधा व्ही गळा जास्त बरा, शर्टाची कॉलर बाहेर नीट बसते.

बाजूचे कट ९ इंच. त्याहून कमी ठेवले तर स्कूटीवर बसताना हेम ताणला जाऊन कटाच्या टोकाला फाटतो. टोकाला आतून उरलेल्या अस्तराचा इंचभर तुकडा लावून घट्ट टीप मारून घ्या.

अस्तर: पूर्ण अस्तर नको. पाठीला आणि पुढे खांद्यापासून १२ इंचांपर्यंत टू-बाय-टू (अस्तराचं पातळ सुती कापड) लावा, तेही धुऊन आटवलेलं. खांद्याचा आकार टिकतो, घाम थेट इकतमध्ये जात नाही आणि खालचा भाग हवेशीर राहतो. अस्तराला पाठीच्या मध्यावर इंचभराची एक सैल चुणी ठेवायची. अस्तर अंगाबरोबर कापलं तर हात पुढे केला की तेच आधी ताणलं जातं आणि बाहेरून इकतला सुरकुत्या पडतात. क्रेप किंवा सॅटिनचं अस्तर चकचकीत दिसतं खरं, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात ते पाठीला चिकटून बसतं.

खिसे वरून लावलेले, ६ बाय ७ इंच, नक्षी जुळवून. नीट जुळवले तर खिसा दिसतच नाही. बगलेच्या शिलाईतला खिसा नको. त्यात मोबाईल टाकला की जॅकेट एका बाजूला ओढलं जातं आणि मधल्या शंकरपाळ्या तिरक्या होतात.

—

सात_रस्ता_१०ते६

जोडीबद्दल लिहिते, तुमच्याच कपाटातून.

सगळ्यात निर्धोक जोडी मोतिया कुर्ता आणि बेज पँट. कापडात जो फिका रंग आहे तोच आत आल्यामुळे नक्षी मऊ होते, गडद भाग फक्त जॅकेटचा राहतो. महत्त्वाची मीटिंग, ऑडिट, बाहेरचे साहेब येणार असतील तर हीच घाला.

राखाडी कुर्त्यावर चालेल, पण राखाडी किती गडद आहे ते बघा. नेव्हीच्या जवळ जाणारा गडद राखाडी असेल तर सगळंच मळकट दिसतं. फिका राखाडी असेल तर छान.

पांढरा शर्ट आणि काळी पँट ही जोडी कागदावर सगळ्यात ऑफिसची वाटते, आणि इथेच फसगत होते. नेव्ही आणि काळा ट्यूबलाइटखाली एकमेकांच्या इतके जवळ येतात की नेव्हीचा प्रयत्न करून काळं सापडलं असं दिसतं. पांढऱ्या शर्टाखाली बेज पँट घाला. काळीच घालायची असेल तर जॅकेटची बटणं उघडी ठेवा, म्हणजे मधून शर्टाची पांढरी पट्टी खालपर्यंत दिसते आणि दोन गडद रंग वेगळे होतात. शर्ट अगदी शुभ्र असेल तर मोतिया शंकरपाळ्या पिवळट वाटतात, हेही आरशासमोर उजेडात बघून ठरवा. नवीन शर्ट घ्यायची वेळ आली तर शुभ्र सोडून मोतियाच घ्या.

मरून साडी: इथे तुमच्या कापडातली बारीक मरून रेघ कामाला येते. नक्षीत जो रंग सगळ्यात कमी आहे तो मोठ्या प्रमाणात बाहेर आला की जोडी विचारपूर्वक केलेली दिसते. पदराच्या निऱ्या घालून, नीट पिन करून जॅकेटच्या आत घ्या. निऱ्या पाचच घ्या, जास्त घेतल्या तर खांद्यावर फुगवटा येतो आणि जॅकेटचा खांदा उचलला जातो. वरची दोन बटणं लावा, खालची मोकळी सोडा, म्हणजे कमरेच्या निऱ्या दबत नाहीत.

इरकलवर मात्र हे जॅकेट घालू नका. इरकलचा काठ आणि टोपपदर हेच तिचं सौंदर्य. ते जॅकेटखाली झाकायचं आणि जो काठ खाली दिसेल तो शंकरपाळ्यांशी भांडणार. दोन्ही कापडांवर अन्याय होतो. त्याऐवजी काज_बटण यांनी सांगितलेल्या २० इंची तुकड्यातून ब्लाउजच्या नुसत्या बाह्या काढा, अंग प्लेन नेव्ही ठेवा. ते ब्लाउज मरून साडीवर जाईल, आणि इरकल नेव्ही किंवा काळपट रंगाची असेल तर तिच्यावरही जाईल.

खणाचं ब्लाउज आत घातलं तर चालतं का, असं पुढे कुणीतरी विचारेलच. चालतं. खणाची नक्षी इतकी बारीक असते की टेबलापलीकडून ती प्लेनच दिसते, फक्त पोत जाणवतो. दोन नक्ष्या एकत्र घालायच्या तर त्यांच्या आकारात असाच मोठा फरक हवा. ४ इंचांच्या शंकरपाळीबरोबर ३ इंचांची फुलं कधीच बसत नाहीत.

ओढणी नको, जॅकेटने ते काम होतं. स्कूटीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ प्लेन ठेवा आणि ऑफिसात शिरण्याआधी काढून पर्समध्ये टाका. ओळखपत्राची छापील रिबन गळ्यात लोंबत असेल तर सगळ्या कटिंगवर पाणी पडतं. कार्ड क्लिपने खिशाला लावा.

—

जुळे_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. कापड भिजवलं. लांबी आता साडेचौऱ्याण्णव, पन्हा ४३ भरतो. बाण्याचंच इकत निघालं, कडा डावी-उजवीकडे पसरलेल्या आहेत. पण दोन अडचणी आल्या. ओल्या तुकड्यावर मरून थोडा आला, पाणीही गुलाबीसर झालं. मोतियावर डाग नाही पडलेला. आणि एका बाजूच्या किनारीपासून आत चार-पाच इंचांपर्यंत शंकरपाळ्या दुसऱ्या बाजूपेक्षा पाव इंच खाली आहेत, म्हणजे ओळ किंचित तिरकी जाते. आता काय करू?

—

ताणाबाणा

मरूनसाठी: अजून दोन-तीन वेळा नुसतं गार पाणी, प्रत्येक वेळी २० मिनिटं, आणि पाणी गुलाबी होताच लगेच बदलायचं. रंगीत पाण्यात कापड तासन्तास पडून राहिलं तरच सुटलेला रंग मोतियावर बसतो. म्हणून यापुढे रात्रभर भिजवू नका. वाळत घालताना ओलं कापड दुमडून ठेवू नका, थरावर थर नको. पाणी स्वच्छ यायला लागलं की पुन्हा ओला तुकडा घासून बघा. तरीही येत असेल तर जॅकेट कायम वेगळं धुवायचं आणि पहिले चार-पाच वेळा मोतिया कुर्त्यावर घालायचं नाही, कारण घामाच्या ओलाव्याने काखेत आणि मानेपाशी रंग उतरतो. तोवर राखाडी.

तिरकेपणाचं कारण दोन असू शकतात. एक, वाळताना कापड एका कोपऱ्यातून लोंबलं आणि ओढलं गेलं. तसं असेल तर पुन्हा ओलं करा, दोघांनी समोरासमोरचे तिरके कोपरे धरून हलकेच ओढा, सपाट पलंगावर चादरीवर वाळवा. आडवा धागा किनारीला काटकोनात आला की ओळही सरळ येते. दुसरं, विणतानाच त्या बाजूचा बाणा सरकलेला असेल. हे ओळखायचं सोपं आहे: एक आडवा धागा शेवटपर्यंत उपसून बघा. धागा सरळ आणि शंकरपाळी तिरकी, तर ती विणीतली गोष्ट आहे, ओढून जाणार नाही. उगाच ताणू नका.

—

काज_बटण

विणीतलं असेल तरी घाबरायचं कारण नाही. तिरकी बाजू कुठे टाकायची ते आपल्या हातात आहे. त्या किनारीचे पाच इंच पाठीच्या थरात बाजूच्या पट्ट्यात जाऊ द्या, जिथून खिसे आणि कॉलर निघणार होती. पुढच्या थरात दोन भागांना २७ इंच लागतात आणि पन्हा ४३ आहे, म्हणजे १६ इंच मोकळे. तिरक्या किनारीकडचे सगळे इंच सोडून उरलेल्या सरळ भागातच दोन्ही पुढे बसवा. खिसे मग पुढच्या थरातल्या तिरक्या भागाच्या अलीकडचे काढा. ६ इंच रुंद खिसा, मार्जिन धरून ७, आरामात निघतो.

आता शिलाईचं थोडं. टीप इंचाला १० ते ११, सुई १४ नंबर. हातमागाचं कापड धुतल्यावर थोडं विरळ पडतं, त्यामुळे मार्जिन पाऊण इंचाच्या खाली नको, अर्ध्या इंचावर इंटरलॉक केलेली शिलाई बगलेत सुटत येते. बटणपट्टीला पातळ सुती फ्यूजिंग, दीड इंच. इस्त्री एका जागी १० सेकंद दाबून उचलायची, सरकवायची नाही. सरकवली की फ्यूजिंग वाकतं आणि पुढे एका धुण्यातच बुडबुडे येतात.

पहिलं बटण बरोबर छातीच्या रेषेवर. ते इंचभर वर-खाली गेलं तर दोन बटणांच्या मध्ये कापड उघडं पडतं. तिथून खाली साडेतीन-साडेतीन इंचांवर आणखी दोन. एवढीच तीन बटणं, नेव्ही रंगाची, अर्ध्या इंचाची. चमकदार सोनेरी नकोत.

हेम हाताने तुरपाई करून घ्या. मशीनची टीप मोतिया शंकरपाळीवरून गेली की नेव्ही दोरा आडव्या रेघेसारखा उठून दिसतो.

—

नवीपेठ_चक्कर

मध्येच विचारतो. याच मापाने सोलापुरी चादरीचं जॅकेट होईल का? हल्ली बरेच जण शिवतात, ऑफिसला चालेल काय?

—

काज_बटण

कटिंगचे नियम तेच, पण कापड वेगळं वागतं. चादर जॅकार्डची, जाड. दोन थर एकत्र शिवले की शिलाईच्या जागी दोरखंडासारखा उंचवटा येतो. १८ नंबर सुई, टीप इंचाला ७-८, मार्जिन शिवल्यावर दोन्हीकडे उघडून दाबायचं आणि पाइपिंगने झाकायचं. खिसे वरून लावायचे नाहीत. ढिलाई ८ इंच धरा. उलट्या बाजूला रंग उलटे येतात, ते कॉलरच्या आतल्या बाजूला वापरलं तर छान दिसतं. नक्षी मोठी असते म्हणून लांबी कमरेपर्यंतच, बिनबाह्यांचं, आणि ऑफिसला फक्त डिसेंबर-जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत. त्यापुढे ते अंगावर सहन होणार नाही. आत सगळं एकाच रंगाचं हवं, शर्ट आणि पँट दोन्ही.

—

सात_रस्ता_१०ते६

जुळे_सोलापूर ताई, अजून एक. ट्रायल घ्यायला जाल तेव्हा आत राखाडी कुर्ता घालूनच जा, नुसत्या टॉपवर माप बघू नका. आरशासमोर उभं राहून सगळं ठीकच दिसतं. खुर्चीवर बसा, दोन्ही हात स्कूटीच्या हँडलसारखे पुढे करा आणि मग तीन गोष्टी बघा. छातीपाशी बटणांमध्ये फट पडते का, पाठीला आडव्या सुरकुत्या येतात का, आणि बसल्यावर कट मांडीवर उघडून हेम वर चढतो का. सुरकुत्या आल्या तर मुंढा मागच्या बाजूने पाव इंच खोल करायला सांगा. हेम चढला तर कट एक इंच वाढवायला सांगा. हे दोन्ही तुरपाईच्या आधीच करून घ्यावं लागतं, म्हणून ट्रायलला हेम कच्चाच ठेवायला आधी सांगून ठेवा.

—

जुळे_सोलापूर

एक धागा उपसून बघितला. धागा सरळ आहे, शंकरपाळीच तिरकी. म्हणजे विणीतलंच. तिरकी किनार बाजूला टाकून दोन्ही पुढे सरळ भागातच घेणार. मरूनचं पाणी तिसऱ्या वेळेला स्वच्छ आलं. कागदावर दोन्ही थर आखून घेतलेत, ३२ लांबी आणि ९ इंच कट धरून. उद्या आखलेला कागद, धुतलेलं टू-बाय-टू आणि राखाडी कुर्ता घेऊन टेलरमास्तरांकडे जाते.